‘भोली सूरत’ वरातीत आली कुठून?

प्रश्न : आमच्या भागात लग्नाचा बँड आजही ‘भोली सूरत दिल के खोटे’ वाजवतो. ते सुरू झालं की ज्यांचे गुडघे धरलेत असे म्हातारेही हात हलवत दोन पावलं नाचून घेतात. पुण्याला शिकणारा माझा नातू म्हणतो, की हा ठेका मुळात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ‘रिदम अँड ब्लूज’चा. हे खरं का? आणि खरं असेल तर तो आपल्याकडे आणला कोणी? त्यात कोणी मराठी माणूस होता का?
— एक वाचक, शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : नातवाचं अर्धं बरोबर आहे. चाल अस्सल इथली आहे. ती ज्या अंगानं वाजते, ज्या वाद्यांवर वाजते, ते अंग मात्र समुद्रापलीकडून आलं. आणणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. दुसरा होता गोव्यातल्या हळदोण्याचा. पहिल्याचं नाव तुम्हाला ठाऊक असणारच. दुसऱ्याचं ठाऊक नसेल, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिले सी. रामचंद्र, पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 12 जानेवारी 1918. सिनेमाच्या दुनियेत सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे ते गाणं शिकले, म्हणजे तालीम घराण्याची आणि पक्की. सिनेमात आले ते नट व्हायला. ‘नागानंद’ नावाच्या बोलपटात नायकाची भूमिका मिळाली, पण चित्र पडलं. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि तिथल्या संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजवणं, असं सुरू झालं. संगीतकार म्हणून पहिली कामं मिळाली तीही तमिळ चित्रपटांची. हिंदीत त्यांना संधी दिली मास्टर भगवान यांनी, 1942 च्या ‘सुखी जीवन’मध्ये. हेच पुढे सगळ्यांचे भगवानदादा. ते गिरणी कामगाराचे पोर, कुस्तीचे शौकीन, आणि ही जोडी जमली ती कायमची.

दुसरे अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा. मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत त्यांना चिक चॉकलेट म्हणत. वाद्य ट्रम्पेट. अमेरिकेतले काळे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचं दैवत, आणि ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही त्यांची ओळख. ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा त्यांचा बँड मुंबईत गाजत होता.

आता अमेरिकेतल्या काळ्या वादकांचा हा बाज मुंबईपर्यंत पोचला कसा? 1935 साली लिऑन अ‍ॅबी हे व्हायोलिनवादक आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगच्या काळात नावाजलेले. अमेरिकेत रंगामुळे जे दार बंद होतं ते त्यांना आशियातल्या बंदरांत उघडं मिळालं. शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता असे ते फिरले आणि 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीनं गेले. या मंडळींच्या बँडमध्ये गोव्याची पोरं वाजवायला बसली आणि वाजवता वाजवता शिकली.

गोव्याचीच का? कारण पोर्तुगीज अमलात तिथल्या गावोगावच्या चर्चच्या शाळेत लहानपणापासून सोल्फा आणि व्हायोलिन शिकवत. कागदावरचे युरोपीय स्वर त्या मुलांना बाराखडीसारखे वाचता येत. पोट भरायला ती मुंबईला येत तेव्हा पोलीस बँड, जहाजं, हॉटेलं, मूकपटांची थिएटरं अशा सगळ्या ठिकाणी त्यांना काम होतं. मग 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलांचा रात्रीचा धंदा बसला, साहेब लोक तर आधीच जहाजात बसून गेले होते. वादकांना नवं पोट शोधणं भाग पडलं, आणि ते सापडलं दादर-ताडदेव-गोरेगावच्या स्टुडिओंत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा सोन्याचा काळ याच सुमारास सुरू होतो, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

इकडे अण्णांच्या कानावर अमेरिकी वादक बेनी गुडमनचं क्लॅरिनेट केव्हाच पडलं होतं. 1947 च्या ‘शहनाई’त त्यांनी ‘आना मेरी जान संडे के संडे’ दिलं. गिटार, माउथ ऑर्गन, अल्टो सॅक्सोफोन आणि मध्येच शीळ! शास्त्रोक्त गाण्यातल्या बुजुर्गांनी कपाळाला हात लावला, आणि देशातल्या तरुण पोरांनी गाणं तोंडपाठ केलं. मग 1949 चं ‘पतंगा’, त्यात शमशाद बेगम आणि चितळकर यांचं रंगूनच्या टेलिफोनचं गाणं. गायक म्हणून अण्णा ‘चितळकर’ हेच नाव लावत.

आणि 1951 मध्ये ‘अलबेला’. नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची. या चित्रासाठी अण्णांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतलं. नुसतं वाजवायला नव्हे. गाण्यांची वाद्यरचना करण्यात त्यांचा हात आहे आणि त्यांचा बँड चित्रात पडद्यावरही दिसतो. कधी ‘अलबेला’ लागला तर भगवानदादांवरची नजर काढून मागच्या वादकांकडे बघा.

त्या काळचं रेकॉर्डिंग कसं होई ते सांगितल्याशिवाय या माणसांचं काम कळणार नाही. अण्णा पेटीवर चाल बांधून गाऊन दाखवत. चिक चॉकलेट किंवा अण्णांचे दुसरे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांच्यासारखा माणूस ती कागदावर युरोपीय पद्धतीनं उतरवून घेई आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करी. क्लॅरिनेटनं कुठे शिरायचं, सॅक्सोफोननं गायकाच्या ओळीला कुठे उत्तर द्यायचं, ट्रम्पेटनं कुठे दोनच स्वर मारून गप्प बसायचं, हे सगळं त्यावर असे. मग सगळे एका खोलीत. माइक एक किंवा दोन. गायक माइकजवळ, व्हायोलिनं त्यामागे, ट्रम्पेट पार भिंतीशी, कारण त्याचा आवाज सगळ्यांना गिळून टाकतो. आवाजाचा तोल अंतरानंच साधायचा. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत गाणं बसलं पाहिजे. शेवटच्या ओळीला कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ‘शोला जो भडके’ ऐकताना बोंगो, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन इतक्या सफाईनं एकमेकांना वाट देतात, ते सगळं असं एका दमात वाजलेलं आहे. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

आता तुमच्या नातवाच्या शब्दाकडे. ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकानं जून 1949 मध्ये आपल्या यादीला दिलं. त्याआधी काळ्या गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या काढत. पण नावाआधी बाज तयार होता. लुई जॉर्डन हे त्याचे आद्य पुरुष. जन्म 1908, आर्कान्सा राज्यातला. मोठ्या वाद्यवृंदाऐवजी त्यांनी मोजक्या वादकांचा ‘टिम्पनी फाइव्ह’ हा ताफा केला. स्वतः अल्टो सॅक्सोफोन वाजवायचे, स्वतःच गायचे, मध्येच गंमतीचं बोलायचे, आणि लोकांना खुर्चीवर बसू द्यायचे नाहीत. 1950 पर्यंत काळ्या श्रोत्यांच्या यादीत त्यांची 18 गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांच्या पाठोपाठ न्यू ऑर्लिन्सचे फॅट्स डॉमिनो आले, डिसेंबर 1949 मध्ये ‘द फॅट मॅन’ ध्वनिमुद्रित करून. 1951 च्या मार्चमध्ये मेम्फिसला आइक टर्नरच्या ताफ्यानं ‘रॉकेट 88’ केलं. रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती या वादात तिचं नाव हमखास येतं. तेच साल ‘अलबेला’चं. म्हणजे तिकडे हा बाज वयात येत होता त्याच वर्षी आपल्याकडे भगवानदादा नाचत होते.

तरीही ‘अलबेला’ला थेट रिदम अँड ब्लूज म्हणणं बरोबर होणार नाही. ‘शोला जो भडके’मध्ये क्यूबा-हवाईचा वास जास्त आहे. अमेरिकी काळ्या संगीतातही तो वास होताच. न्यू ऑर्लिन्स हे बंदर, हवानाच्या बोटी तिथे लागायच्या. अण्णांकडे हे सगळं एकत्र, हॉटेलातल्या बँडच्या हातून आलं. खरा झणझणीत, रॉक अँड रोलच्या शेजारचा नमुना हवा असेल तर 1957 च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ ऐका. किशोरकुमारांचं वेगळं, आशा भोसल्यांचं वेगळं. अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या मोजणीच्या गाण्यावरून ते सुचलं आणि जॉन गोम्स यांनी त्यात आपल्या कोकणीतला एक तुकडा घातला, अशी त्याची हकीकत सांगतात. निरर्थक बोल वाद्यासारखे फेकायचे, सॅक्सोफोननं त्यांना चिडवल्यासारखं उत्तर द्यायचं, ठेका कुठेही सैल पडू द्यायचा नाही, ही लुई जॉर्डनच्या कुळातली गोष्ट आहे. विनायकबुवांच्या शिष्यानं ती केली.

ही गाणी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आली ती यात्रेतल्या तंबू टॉकीजमधून आणि रेडिओवरून. रेडिओचीही एक गंमत आहे. 1952 मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर, तेही मराठीच, यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळपास दार लावलं. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन धरलं. ‘अलबेला’ची गाणी अशी लंकेहून खान्देशात उतरली. बँडच्या मास्तरांनी ती कानानं उचलली, क्लॅरिनेटवर सरगमनं बसवली, साइड ड्रमला आणि ढोलाला जमेल असा ठेका केला. मूळ गाण्यातली लचक थोडी कमी झाली, रस्त्यावर चालायला लागणारा जोर वाढला. आता हातगाडीवर किंवा टेम्पोवर कॅसिओ आणि भोंगे असतात, तरी ही चाल टिकून आहे.

एक गोष्ट मात्र नातवाला नीट सांगा. तुमच्याकडच्या लग्नात पुढच्या तासाला जी टिमली नाचाची चाल वाजते, किंवा अक्कलकुव्याकडे काठी गावच्या होळीला जो ढोल रात्रभर घुमतो, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून जो नाच होतो, त्याचं देणं अण्णांना नाही, अमेरिकेला तर नाहीच. ती भिल-पावरा मंडळींची स्वतःची दौलत आहे आणि जुनी आहे. नाचायला लावणारं सगळं बाहेरून आलं असं समजण्याची आपल्याला सवय लागली आहे, ती मला खटकते.

कोणी मराठी माणूस होता का, या प्रश्नाला होय हे उत्तर झालं. पण अण्णांचं नाव घेताना चिक चॉकलेट यांचंही घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुढे संगीतकार मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी काम केलं. ते 1967 मध्ये गेले, पन्नाशी जेमतेम ओलांडून. सिनेमाच्या श्रेयनामावलीत वाद्यरचनाकाराचं नाव ‘सहायक’ म्हणून बारीक अक्षरात यायचं, वादकांचं तर नाहीच. सगळ्या महाराष्ट्राच्या वराती ज्या तुतारीवर नाचल्या, ती फुंकणाऱ्याचं नाव महाराष्ट्राला माहीत नसावं, हे बरं नव्हे.

प्रश्न : सी. रामचंद्र यांनी ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ची चाल परदेशी गाण्यावरून उचलली असं ऐकलं. मग त्यांना थोर कशाला म्हणायचं?
— एक वाचक, नवापूर

उत्तर : उचलली, हे खरं. 1950 च्या ‘समाधी’तलं हे गाणं ‘चिको चिको’ या गाण्यावर बेतलेलं आहे. कार्मेन मिरांडा यांनी ते ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटात गायलं होतं. मूळ गाणाऱ्यांचा उल्लेख कुठे झाला नाही, आणि तो व्हायला हवा होता.

पण चाल घेण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. अमेरिकेत 1955 साली फॅट्स डॉमिनो यांचं ‘एंट दॅट अ शेम’ गाजू लागलं, तेव्हा पॅट बून या गोऱ्या गायकानं तेच गाणं गुळगुळीत करून गायलं आणि मुख्य यादीत तेच पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे बलवानानं दुबळ्याच्या ताटातलं ओढलं. मुंबईच्या पेटीवाल्यानं हॉलिवूडची चाल घेणं त्या तोलाचं नाही. ते बिनचूक होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

थोरवीचं म्हणाल तर तराजू एका गाण्याचा नसतो. ज्या ‘अलबेला’त ट्रम्पेट किंचाळतं त्याच ‘अलबेला’त ‘धीरे से आजा री अंखियन में’ ही लताबाईंची अंगाई आहे, पिलूच्या सुरांतली. 1953 ची ‘अनारकली’ ऐका. 1955 च्या ‘आझाद’मधलं ‘राधा ना बोले’ ऐका, बागेश्रीतलं. 1959 चं ‘नवरंग’ ऐका. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी गायलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हीही त्यांचीच चाल. एवढा पल्ला उसन्या मालावर गाठता येत नाही. पुढे कामं आटली, तेव्हा ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ या मराठी चित्रपटांत ते रमले. 1977 मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं. 5 जानेवारी 1982 रोजी ते गेले. आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. हातचं न राखता लिहिलंय.

प्रश्न : मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. ‘ब्लूज’ म्हणजे नेमकं काय, ते पेटीवर वाजवून पाहता येईल का?
— एक वाचक, तळोदा

उत्तर : अगदी सहज. काळी दोन सा धरा, किंवा तुमची जी पट्टी असेल ती. चार मात्रांचं एक आवर्तन, अशी बारा आवर्तनं म्हणजे एक फेरा. पहिली चार आवर्तनं डाव्या बोटांनी सा-ग-प दाबून ठेवा. पुढची दोन म-ध-सां. पुन्हा दोन सा-ग-प. मग एक प-नी-रें, एक म-ध-सां, आणि शेवटची दोन सा-ग-प. संपलं, की परत पहिल्यापासून. लुई जॉर्डनपासून फॅट्स डॉमिनोपर्यंत शेकडो गाणी या एवढ्याशा चौकटीत बसलेली आहेत. चौकट कोणाच्या मालकीची नाही, म्हणून तिच्यावर चोरीचा आळही येत नाही.

आता उजव्या हातानं गाणं. डाव्या हातात शुद्ध गंधार दबलेला असतानाच वर कोमल गंधार लावा. तुमचा कान म्हणेल चुकलं. चुकलेलं नाही, सगळं दुखणं त्या घासण्यातच आहे. गळ्यानं गाणारा या दोन गंधारांच्या मधला स्वर लावतो. पेटीत तो नाही, म्हणून कोमलवरून शुद्धवर पटकन बोट घसरवायचं. निषादही असाच, कोमल. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जी जागा उरते ती वाद्यानं भरायची. ध्रुपद म्हणून टाळकऱ्यांकडे सोपवायची तुम्हाला सवय आहेच, तेव्हा हे जड जाणार नाही.

जड जाईल ती टाळी. आपली टाळी समेवर, पहिल्या मात्रेवर पडते. इथे ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची, पहिली आणि तिसरी मोकळी सोडायची. शिवाय प्रत्येक मात्रेचे दोन सारखे तुकडे करायचे नाहीत. मात्रेत तीन भाग धरा, मधला गाळा. पहिला लांब आणि तिसरा आखूड असा झोका मिळेल. तबलजीला ‘तिश्र अंगानं केरवा’ म्हणून सांगितलंत तर तो लगेच पकडेल. सुरुवातीला टाळकऱ्यांचा हात पहिल्या मात्रेकडे पळेल. लय धिमी ठेवा, एकानंच टाळी द्यावी, बाकीच्यांनी पायानं मात्रा मोजाव्यात. एकदा पाय आणि हात वेगळे झाले की मग फॅट्स डॉमिनो यांचं ‘ब्लूबेरी हिल’ लावून त्यासोबत झोक्याचा सराव करा.